वेलीवरची हिरवी गाठ

त्या मुलुखात राहण्याजोगी दोनच झाडं उरली होती, एक चिंच आणि एक उंबर. मधलं माळरान उघडं होतं. त्यावर घारी फिरत, म्हणून इकडचे पक्षी तिकडे जात नसत आणि तिकडचे इकडे येत नसत. वठलेल्या खुंटांच्या आधाराने एक लांब वेल मात्र दोन्ही झाडांना धरून होती, आणि साऱ्या मुलुखाचं जाणं-येणं तेवढंच होतं.

निरोप पानावरून जात. चोचीने पानाला भोकं पाडायची, पान मुंगळ्याच्या पाठीवर द्यायचं, मुंगळा वेलीवरून निघायचा. दोन्ही टोकांना एकेक साळुंकी बसलेली असे. कुणाचं घरटं कुठल्या फांदीवर, हे तिला तोंडपाठ. नाव अनोळखी असलं तर ती सगळ्या फांद्यांना हाक मारी, आणि जो ओ देई त्याची फांदी कायमची लक्षात ठेवी. मुंगळ्यांची रीत त्याहून सोपी होती. पाठ हलकी झाली की निरोप पोचला असं धरून ते माघारी फिरत. पान कुणी घेतलं, कुठे घेतलं, हे बघण्याची त्यांच्यात पद्धत नव्हती.

एका वर्षी उंबरावर तीन भोकांचं पान आलं. एका ओळीत तीन भोकं म्हणजे धोका, जीव वाचवा. सगळे पक्षी उडून गेले. धोका कसलाच नव्हता. पान एका रानमांजराने पाठवलं होतं आणि मोकळ्या घरट्यांतली अंडी त्याने निवांत बसून खाल्ली.

तेव्हा कावळ्यांची पंचायत बसली. ठरलं असं की वेलीच्या मध्यावर एक सरडा बसवायचा. तो वेलीसारखाच हिरवा. त्याला नाव द्यायचं नाही, घरटं द्यायचं नाही, त्याच्याकडे पान पाठवता येईल अशी सोयच ठेवायची नाही. साळुंक्यांनाही कळवायचं नाही. पहारा दिसला की चोर वाट बदलतो, असं म्हातारा डोमकावळा म्हणाला, आणि ते काही खोटं नव्हतं. पण घरच्यांनाही न दिसणारा पहारेकरी चुकला, तर दाद कुणाकडे मागायची? हे विचारायला एकाचंही तोंड उघडलं नाही. शहाणे होते ना सगळे.

सरड्याला वाचता येत नव्हतं. त्याला तीन भोकं तेवढी ओळखता येत. तसं पान आलं की जीभ बाहेर येई, पान उचललं जाई आणि खाली गवतात पडे. मुंगळ्याची पाठ हलकी होई आणि तो समाधानाने वळे.

चिंचेवर येसू नावाची बुलबुल राहत होती. तिची धाकटी बहीण तानी उंबरावर होती, आणि तानीची अंडी फुटायला आली होती. एका सकाळी येसूला माळावरच्या गवतात नागीण सरपटताना दिसली. ती उंबराकडे चालली होती. येसूने तीन भोकं पाडली, खाली मजकूर टोचला आणि पान दिलं. मुंगळा लवकरच परत आला.

"दिलंस?" तिने विचारलं.

"पाठ रिकामी आहे की," मुंगळा म्हणाला.

तानीकडून उत्तर आलं नाही. येसूने दुसरं पान पाठवलं, मग तिसरं. शेवटी ती साळुंकीकडे गेली. साळुंकी कामात चोख होती. वाट तपासायची तिची ठरलेली पद्धत होती. तिने येसूच्या देखत एक कोरं पान पाठवलं, आणि उंबरावरच्या साळुंकीने ते लगेच परत पाठवलं. "वाट स्वच्छ आहे गं येसू," ती म्हणाली. "तुझी बहीणच उत्तर देत नसेल, तर मी काय करू?"

कोरं पान जाणारच. ज्यावर काही लिहिलेलंच नाही, त्याला कोण अडवतं?

दुसऱ्या दिवशी तानीचं पान आलं. पिल्लं झाली, दोन आहेत, एकाची चोच तुझ्यासारखी आहे. नागिणीबद्दल अवाक्षर नाही. येसूला ते लागलं. आपण जीव तोडून सांगतोय आणि हिला त्याचं काहीच नाही, असं तिला वाटलं. ती रुसली, आणि दोन दिवस तिने एकही पान पाठवलं नाही. त्या रुसव्याचा राग तिला पुढे जन्मभर येणार होता, पण तो राग खरं तर दुसऱ्याच कुणाच्या वाट्याचा होता.

तिसऱ्या दिवशी उंबरावरून आलेला आक्रोश माळ ओलांडून ऐकू आला. तानीचं घरटं रिकामं झालं होतं.

पंचायत पुन्हा बसली. दोन्ही साळुंक्यांची चौकशी झाली, दोघी निर्दोष निघाल्या. मुंगळ्यांनी पाठी दाखवल्या. कोरं पान पुन्हा गेलं आणि पुन्हा आलं. निरोप पाठवणारीनेच हयगय केली असावी, असं डोमकावळ्याने जाहीर केलं. तेही वेलीच्या मध्याकडे न बघता. त्या एका ठिकाणी काय बसलंय हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, त्याची मान तेवढी तिकडे वळली नाही.

येसूने आपली पिल्लं नवऱ्यावर सोपवली आणि ती चिंचेवरून खाली उतरली. घारी नकोत म्हणून ती गवतातून, वेलीच्या खालून, पायी चालत निघाली. तिला तानीला तोंडाने सांगायचं होतं, की मी पानं पाठवली होती.

मध्यावर गवतात पानांचा ढीग होता. वरची तीन पानं अजून हिरवी होती. त्यांवरची भोकं तिच्याच चोचीची होती. त्यांखाली पिवळी पानं होती, त्यांखाली तपकिरी, आणि तळाशी कुजून काळी झालेली, कितीतरी चोचींची. प्रत्येकावर एका ओळीत तीन भोकं. ती पायाने ढीग उकरत गेली. आत ऊब होती, कुजणाऱ्या पाल्यात असते तशी. त्या उबेत नागिणीची पांढरी, लांबट अंडी एकमेकांना चिकटून नीट मांडलेली होती. त्यांतलं एक हललं.

तिने वर पाहिलं. उंबराकडून एक मुंगळा चिंचेकडे येत होता. वेलीवरच्या एका हिरव्या गाठीने डोळा फिरवला. जीभ बाहेर आली आणि आत गेली. मुंगळा वळून परत निघाला.

पान गिरक्या घेत येसूच्या पायाशी पडलं. भोकं ताजी होती, टोचण्याचं वळण तानीच्या चोचीचं होतं.

"ताई, नागीण चिंचेकडे वळलीय. तू तरी पिल्लांना सांभाळ."

वारा आला, आणि पान सरकून त्या अंड्यांवर पांघरुणासारखं बसलं.