राखणदाराचा माथा

अंटार्क्टिकातल्या आपल्या तळाच्या दक्षिणेला, बर्फाच्या पठारातून एक काळाकभिन्न सुळका वर आला आहे. त्याला राखणदार म्हणतात. कोसच्या कोस पांढऱ्याशिवाय काही नाही आणि मधेच हा उभा. नवी तुकडी आली की जुनी मंडळी तिला बाहेर आणतात, आधी डोळे भरून पाहू देतात आणि मग नावाची हकिकत सांगतात.

फार वर्षांपूर्वी तळावर लवू गावडे नावाचा स्वयंपाकी होता म्हणे, वेंगुर्ल्याकडचा. त्याच तुकडीत भूशास्त्रज्ञ टेंबे सर होते. या सुळक्याच्या माथ्यावरचा दगड आणायचा, या एका ध्यासापायी ते अकरा वर्षे झुरले होते. लवू त्यांची थट्टा करी, "सर, आमच्या गावात दगडांक तोटो नाय. एक धाडून देतंय."

एका सकाळी टेंबे आणि चालक नोर्बू बर्फगाडीने सुळक्याचा पायथा पाहायला निघाले. दुपारी वादळ उठले. आभाळ कुठे संपते आणि जमीन कुठे लागते, कळेना. 'दिशा हरवली आहे' एवढे रेडिओवर ऐकू आले, मग नुसती खरखर. शोधायला जाणे म्हणजे आणखी माणसे गमावणे. सूर्य मावळतच नव्हता, म्हणून दोन दिवस घड्याळावर मोजले.

लवूचा जीव टांगणीला लागला. गावी असता तर त्याने रवळनाथाला गाऱ्हाणे घातले असते. पण परक्या हद्दीत ज्याची हद्द त्यालाच विनवायचे, अशी त्याच्याकडची रीत. इथल्या धन्याचे नाव कोणाला ठाऊक? शेवटी त्याने कोठीतला एकुलता एक नारळ घेतला, सगळ्यांना दाराशी उभे केले आणि न दिसणाऱ्या सुळक्याकडे तोंड करून आवाज चढवला.

"हे म्हाराजा, या हद्दीचो जो कोण राखणदार आसशीत, तुझा नाव आमका ठावक नाय. आमची दोन माणसां तुझ्या रानात अडाकली हत. ती सुखरूप धाड. तुझ्या माथ्यार आमचो कोणाचो पाय लागाचो नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" केरळचा डॉक्टर म्हणाला, पंजाबचा मेकॅनिक म्हणाला. शिकलीसवरली माणसे, पण कोणी हसले नाही.

तळावर वारा तसाच होता. तिकडे पठारावर मात्र, असे सांगतात, ढग तेवढ्यापुरते फाटले आणि कपातला चहा निवेल इतका वेळ सुळका लख्ख दिसला. नोर्बूने त्यावरून दिशा धरली आणि गाडी तळाला लागली.

लवूने सरांच्या हाती गरम पेज दिली आणि आपण काय कबूल करून बसलो ते रडत सांगितले. ज्यांचा जीव मागितला, त्यांचेच स्वप्न त्याने देऊन टाकले होते. टेंब्यांनी आधी पेज संपवली. मग म्हणाले, "शब्द दिलास ना? मग झालं."

पुढे सहा आठवडे हवा निरभ्र होती. सुळका रोज डोळ्यांसमोर. टेंबे एकदाच पायथ्यापर्यंत गेले, टोपी काढून उभे राहिले आणि परतले. नकाशावर नाव त्यांनीच लिहिले.

आजही तुकड्या पायथ्याशीच थांबतात. उपग्रहांनी उंची हवी तेवढी मोजली असेल. माथ्यावरचा दगड कसला आहे ते कोणालाच ठाऊक नाही. तळावरच्या नोंदवहीत त्या दगडाच्या रकान्यात टेंब्यांच्या अक्षरात एवढेच आहे: 'राखणदाराचा आहे. असू दे.'