धुळीची बातमी

देवसरी नावाच्या राजधानीत भानुपंतांनी एक शाळा काढली होती. बातमी कशी आणायची आणि कशी सांगायची, एवढंच तिथे शिकवत. लोक हसत. म्हणत, "बातमी सांगायला शाळा कशाला? तोंड असलं की झालं!"

विणकराची मुलगी येसू या शाळेत दाखल झाली. पहिल्याच आठवड्यात पंतांनी तिला बातमी आणायला पाठवलं. ती धावतच परत आली.

"पंत, कुंभाराने शेजाऱ्याची भिंत पाडली!"

"तू भिंत पाहिलीस?"

"नाही. शेजाऱ्यानेच सांगितलं."

"मग ही भिंतीची बातमी नव्हे, शेजाऱ्याच्या रागाची. परत जा."

येसू पुन्हा गेली. भिंत पिंपळाच्या मुळांनी फुटली होती. कुंभार तर दोन दिवस गावातच नव्हता. येसूला स्वतःची फार लाज वाटली.

तीन वर्षं असंच चाललं. स्वतः पाहा. एकाला विचारलंस तर दुसऱ्यालाही विचार. ज्याच्यावर आळ आला त्याला तर विचारच. आणि जे कळलं नाही, ते कळलं नाही म्हणून सांग. शिक्षण पुरं झालं आणि राजाने येसूला चावडीवर बातम्या सांगायला नेमलं.

थोड्याच दिवसांत एका सकाळी उत्तरेकडे धुळीचा लोट उठला. बुरुजावरचा पहारेकरी ओरडला, "भाले दिसतायत! फौज आली!" शेजारच्या राजाशी आधीच बिनसलं होतं. नगारे वाजले. सैनिकांनी घोड्यांवर जीन घातलं. बाया मुलांना पोटाशी धरून देवळात जमल्या.

सेनापती येसूला म्हणाला, "चावडीवर उभी राहा आणि सांग, शत्रू आलाय. लोक पेटून उठले पाहिजेत."

"शत्रू कोणी पाहिला?"

"धूळ दिसत नाही का तुला?"

"धूळ दिसते, सरदार. ती कोणाची आहे ते दिसत नाही."

सेनापती संतापला. तरी येसू थेट राजापुढे गेली. "महाराज, मला एक घोडं द्या. दुपारपर्यंत मी आले नाही, तर खुशाल कूच करा."

राजाने तिला स्वतःचं घोडं दिलं.

येसू धुळीत शिरली. समोर मेंढ्या! जिकडे पाहावं तिकडे मेंढ्याच. पहारेकऱ्याने पाहिलेले भाले म्हणजे धनगरांच्या उंच काठ्या होत्या. पण येसू तेवढ्यावर परतली नाही. तिने एका म्हाताऱ्या धनगराला गाठलं.

"आजोबा, कुठं निघालात?"

"पाण्याकडं, पोरी. आमच्या मुलखात विहिरी आटल्या. चार दिवस झालं, जनावरांच्या तोंडात थेंब न्हाई."

मग तिने बायकांना वेगळं विचारलं. त्यांनीही तेच सांगितलं. टेकडीवर चढून तिने मागचा सगळा माळ पाहिला. जमिनीवर घोड्यांच्या टापांचे ठसे शोधले. एकही नव्हता.

ती परतली तेव्हा दुपार झाली होती, वेशीचे दरवाजे उघडत होते आणि फौज निघतच होती. येसू राजासमोर उभी राहिली.

"महाराज, फौज नाही. तहानलेले धनगर आहेत. बायका-मुलं बरोबर आहेत. त्यांचे अकरा कळप मी मोजले. ते किती दिवस राहतील, हे मात्र मला कळलं नाही."

सेनापती म्हणाला, "पोरगी फसली असेल!"

राजा म्हणाला, "जिला न कळलेलंही लपवता येत नाही, ती कळलेलं खोटं कशाला सांगेल?" त्याने तलवार म्यान केली आणि स्वतःच धनगरांना सामोरा गेला.

संध्याकाळी राजतळ्यावर अकरा कळप पाणी पीत होते. म्हातारा धनगर काठावर बसून डोळे पुसत होता. सैनिक पोरांना घोड्यांवर बसवून फिरवत होते. चावडीवर येसूने घडलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा तिच्या नावाच्या जयघोषाने राजधानी दुमदुमली. आपल्याच मुलखातल्या धनगरांना पाणी दिल्याचं शेजारच्या राजाला कळलं, तसा त्याचा दूत मैत्रीचं पत्र घेऊन आला.

त्यानंतर एका सकाळी भानुपंतांनी शाळेचं दार उघडलं, तर बाहेर मुलामुलींची रांग थेट वेशीपर्यंत गेलेली!

तात्पर्य: बोलायला तोंड पुरतं, पण खरं सांगायला शिक्षण, कष्ट आणि धीर लागतो; शहानिशा करून सांगितलेली एक बातमी अख्खं राज्य वाचवते.