एकमताने कापलेला ओंडका

"सूर्य मावळायच्या आत या दोघांचं एकमत झालं नाही, तर एकाने राज्य सोडून जायचं!" बोरगडच्या रायभान राजांनी लाकडाच्या वखारीत उभं राहून हुकूम सोडला.

हे दोघे म्हणजे सटवाजी आणि धुळाबा. एकाच करवतीच्या दोन मुठी धरून बावीस वर्षं लाकूड कापणारे जोडीदार.

वाद राजधानीचा होता. ती गडावरच ठेवायची की खाली नदीकाठी न्यायची? सातशे बारा पायऱ्या चढून राजांचे गुडघे दुखत, म्हणून त्यांना नदीकाठ हवा होता. लोकांत मात्र दोन तट पडले होते. सख्ख्या जावांनी चुली वेगळ्या मांडल्या. एका न्हाव्याने तर अर्धी दाढी झाल्यावर गिऱ्हाईक गडाच्या बाजूचं आहे असं कळताच वस्तरा मिटला. रोजच्या भांडणांना कंटाळून राजांनी ठरवलं की ज्यांची मतं जुळतात त्यांनीच मैत्री ठेवावी. बाकीच्यांनी बोलणं बंद करावं.

सगळ्यांनी केलं. हे दोघे राहिले. सटवाजी गडाचा, धुळाबा नदीचा. दिवसभर वाद घालायचे आणि दुपारी एकाच फडक्यातली भाकरी खायचे.

"यांची मैत्री तरी खोटी, नाहीतर मतं तरी खोटी," राजे म्हणाले.

"अगदी असंच माझ्याही मनात आलं होतं," प्रधान नारोपंत म्हणाले.

सटवाजीचा चेहरा उतरला. धुळाबा म्हणाला, "मीच जातो. तुझ्या घरी लेक आहे."

"तू गेलास तर मी भांडू कुणाशी?" सटवाजी म्हणाला.

तेवढ्यात ती लेक, गोजरा, पुढे आली. "महाराज, एकमत करून देते. पण या दोघांनी ते कधी पाहिलेलं नाही. आधी एकदा दाखवाल का?"

"कुणाचं दाखवू?"

"तुमचं आणि प्रधानजींचं. त्याच्यासारखं एकमत राज्यात दुसरं नाही, असं म्हणतात."

नारोपंतांची छाती फुगली.

"मग तुमच्या मंडपाच्या खांबासाठी आणलेला हा सागाचा ओंडका आहे," गोजरा म्हणाली. "तुम्ही दोघांनी तो कापून दाखवा. बाबा आणि धुळाकाका बघून शिकतील."

राजांनी अंगरखा काढून ठेवला आणि करवतीची एक मूठ धरली. समोरची मूठ नारोपंतांनी धरली. राजांनी ओढलं. राजे ओढतात हे पाहून नारोपंतांनीही ओढलं. करवत जागची हलली नाही. राजे थांबले, तसे नारोपंतही थांबले. राजांनी हात सैल सोडला, तर नारोपंतांनी त्याहून सैल सोडला. ओंडक्यावर नखाएवढी खूण उमटली नाही.

"अहो पंत, करताय काय?"

"महाराज करतात तेच."

"मी ओढतो तेव्हा तुम्ही ओढायचं नाही."

"महाराज कष्ट घेत असताना मी हात सैल सोडायचा? बघणारे काय म्हणतील?"

"आणि मी थांबलो की तुम्ही ओढायचं."

नारोपंतांच्या कपाळावर घाम आला. "म्हणजे महाराजांच्या उलट?"

"हो, उलट! हुकूम आहे माझा."

नारोपंतांनी मनापासून प्रयत्न केला. पण वीस वर्षांची सवय. राजांनी ओढलं की त्यांचे हात आपोआप ओढायला लागत.

शेवटी राजांनी मूठ सोडली आणि सटवाजी-धुळाबाला खूण केली. दोघे समोरासमोर बसले.

"गडावर एवढ्या माणसांना पाणी पुरणार कसं?" धुळाबाने ओढत विचारलं.

"बारा टाकी आहेत," सटवाजीने ओढत उत्तर दिलं. "तुझ्या नदीला पूर आला की राजधानी पोहत जाईल."

"पूर चार दिवस येतो. तुझ्या टाक्यांत बेडूक बारा महिने असतात."

"असू देत. राजधानी बुडत तरी नाही."

ज्याच्याकडे करवत जायची तो बोलायचा. दुसरा हात सैल सोडून ऐकून घ्यायचा आणि आपली पाळी आली की ओढायचा. भुसा पडत राहिला. टाक्यांवरून वाद तटबंदीवर गेला, तटबंदीवरून बाजारावर आला, आणि ओंडक्याचे सरळ दोन तुकडे झाले.

"छान कापलं," राजे म्हणाले. "पण एकमत कुठे झालं?"

"महाराज, तुम्हाला खांब हवा की एकमत, तेवढं सांगा," गोजरा म्हणाली. "एकमताने किती कापलं जातं, ते आत्ताच आपण सगळ्यांनी बघितलं."

राजांनी नारोपंतांकडे पाहिलं. ते तळहातावरचे फोड मोजत होते. राजांना हसू आवरेना. पोट धरून ते कापलेल्या ओंडक्यावरच बसले. हसता हसता त्यांनी हुकूम मागे घेतला, मनगटातलं सोन्याचं कडं काढून गोजराच्या हातात ठेवलं, आणि पुन्हा करवतीची मूठ हातात घेतली.

"अजून तीन ओंडके दिसतात. माझ्यासमोर कोण बसतंय?"

नारोपंत लगबगीने उठले.

"प्रधानजी नकोत," गोजरा म्हणाली. "तुम्ही नदीचे ना, महाराज? मग समोर बाबाच हवेत."

सटवाजीने हात झटकून मूठ धरली. "ओढा, महाराज. आणि आता सांगा, त्या नदीत एवढं आहे तरी काय?"