बेहड्यावरची फट

त्या अरण्यात निम्मे पक्षी भिंतीआड राहत आणि उरलेले निम्मे त्याला सुख म्हणत.

राज्य धनेशांचं होतं. विणीचा काळ आला की मादी झाडाच्या ढोलीत शिरे आणि ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलं जाई. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी उघडी राही. आत तिची पिसं गळत, त्यामुळे मनात आणलं तरी उडून जायची सोय नसे. नर बाहेरून फळं आणी आणि फटीतून भरवी. भिंतीमुळे सापाचं नि माकडांचं भय टळे, हे खरं होतं. बहुतेक नर इमानाने फळं आणत, हेही खरं होतं. म्हणूनच जे आणत नसत त्यांच्याविषयी बोलायची रीत तिथे पडली नव्हती. नराने भरवावं, फोडायची तेव्हा भिंतही त्यानेच फोडावी आणि फट किती ठेवायची तेही त्यानेच ठरवावं, असा कायदा होता.

ही रीत मोडून बोलू लागलेल्या काही माद्या होत्या, त्या त्या विणीला ढोलीबाहेर राहिलेल्या. दुपारच्या वेळी त्या ढोलीढोलीपाशी जाऊन बसत आणि आतलीचं ऐकून घेत. अरण्य त्यांना थट्टेने ‘फटीवरच्या बाया’ म्हणे. त्यांच्या म्होरक्या दोघी, सावरी आणि करवंदी. सावरी वयाने मोठी, बोलण्यात मऊ. भांडणाऱ्यालाही तिच्याशी भांडताना संकोच वाटे. करवंदीचं तसं नव्हतं. तिची बहीण एका ढोलीत वाळून गेली होती. ती भिंत कायद्याप्रमाणे भरवणाऱ्यानेच फोडली, पण फार उशिरा. तेव्हापासून करवंदी कुणाशी बोलताना मान तिरकी करून, त्याच्या डोळ्यांत बघत बोले.

सावरीने किती विणी खपून थोरल्याचं मन वळवत आणलं होतं. थोरला म्हणजे राज्यातला सर्वांत जुना धनेश; वडाच्या शेंड्यावर बसे आणि त्याचा शब्द अखेरचा. आता त्याने कबूल केलं होतं, फट दुप्पट रुंद ठेवायची आणि भरवणारा आला नाही तर कुणालाही तिथून फळ देता येईल. ठराव दुसऱ्या दिवशी सकाळच्या सभेत व्हायचा होता.

आणि नेमकी सभेच्या आदल्या दुपारी मोईची हाक आली.

मोई बेहड्याच्या ढोलीत होती. तिच्या नराचं नाव रायवळ. देखणा, गोड बोलणारा. वाटेत भेटेल त्याची विचारपूस करणारा. त्याने फट पुन्हा पुन्हा लिंपून इतकी अरुंद केली होती की आता तीतून बोराएवढंच फळ जाई. समोरच्या फांदीवर तो दिवसभर बसून असे. सावरी आली तेव्हा त्याने मान लववली.

“या, सावरीबाई. बोला की तिच्याशी. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही.”

सावरीने फटीला कान लावला. “मोई, कशी आहेस?”

“बरी आहे,” आतून आवाज आला. तो कुणीतरी आधी ठरवून दिल्यासारखा होता.

सावरी हलली नाही. हवापाण्याचं बोलत राहिली. ऊन चढलं, रायवळला तहान लागली, तो ओढ्यावर उतरला. मग मोई भरभर बोलली.

“फळ फटीसमोर धरतो, अक्का. म्हणतो, आधी चुकले म्हण.”

“मग?”

“म्हणते. मग विचारतो, काय चुकलं ते सांग. ते मला ठाऊक नसतं. तो फळ घेऊन परत जातो. कालपासून पिलू ओरडत नाही.”

ओढ्यावरून पंखांचा आवाज आला. फटीतला आवाज पुन्हा ‘बरी आहे’ म्हणाला.

करवंदी पलीकडच्या झाडावर वाट पाहत होती. सावरीकडून ऐकून ती लगेच उठली. सावरी तिच्या आडवी आली.

“उद्या सकाळपर्यंत थांब. आज एक भिंत फोडलीस तर उद्या ठराव होणार नाही. अरण्यातल्या सगळ्या फटी आहेत तेवढ्याच राहतील.”

“मोईजवळ उद्यापर्यंत वेळ आहे?”

“मी सभेतून थेट इकडे येईन. नवा कायदा घेऊन येईन.”

“अक्का,” करवंदी हळू म्हणाली, “माझ्या बहिणीच्या वेळीसुद्धा कुठलीशी सभा होती.”

करवंदीने थांबते म्हटलं नाही. दोघी किती वर्षं जोडीने उडत आल्या होत्या. त्या दिवशी वेगवेगळ्या झाडांवर जाऊन बसल्या.

सकाळी वडावर सभा भरली. सावरीला मधली फांदी दिली गेली. त्या फांदीवर आजवर मादी बसली नव्हती. थोरला प्रसन्न होता. म्हणाला, “ठराव मला मान्य आहे. एवढंच सर्वांसमोर म्हणा, की तुमच्यातली एकही चोच यापुढे भिंतीला लागणार नाही.”

सावरीने मान वर केली. शब्द तिने तयार करून आणले होते. तेवढ्यात दूरवरून आवाज आला. टोक. टोक. लाकडावर चोच मारल्याचा नव्हे, वाळल्या चिखलावरचा. सभेतल्या प्रत्येकाने तो ओळखला.

थोरल्याने आवाज चढवला नाही. “सावरीबाई, ती चोच तुमची नव्हे ना? तशी नसेल तर तसं सांगा. ठराव आत्ता होईल.”

सावरीच्या डोळ्यांसमोर ढोल्या येऊन गेल्या. ओढ्याकाठच्या, टेकडीवरच्या, जिथे ती कधी पोचूच शकली नव्हती त्याही. त्या सगळ्यांसाठीचा ठराव थोरल्याने तिच्यासमोर धरला होता. मान थोडी पुढे केली की तो तिचा होता. म्हणायचं फक्त एवढंच, ती आमची नव्हे. खोटंही फारसं नव्हतं. करवंदी तिला विचारून गेली नव्हती.

टोक. टोक. मग एक कर्कश ओरड, आणि आवाज थांबला.

“ती चोच आमचीच आहे,” सावरी म्हणाली आणि मधल्या फांदीवरून उडाली.

बेहड्यावर रायवळ करवंदीवर तुटून पडला होता. तिच्या चोचीची कड फुटली होती, तरी पायांनी साल धरून ती ढोलीला चिकटून होती. बाकीच्या माद्या शेजारच्या झाडांवर अंग चोरून बसल्या होत्या. सावरी दोघांच्या मध्ये शिरली. रायवळचा पुढचा घाव तिच्या खांद्यावर बसला. तिने उलट वार केला नाही. तोंड फटीकडे केलं.

“मोई, फोडू का?”

“तिला काय विचारायचं?” रायवळ म्हणाला. त्याच्या आवाजातला गोडवा आता गेला होता. “भिंत माझी आहे.”

सभा मागोमाग येऊन झाडांवर बसली होती. मग मोई बोलली. “माझ्या अंगावर पिसं नाहीत, अक्का. सगळे बघतील.”

“बघतील,” सावरी म्हणाली.

रायवळ थोरल्याकडे पाहून हसला.

“खालून फोडा,” आतून आवाज आला. “वरची माती पिलावर पडते.”

सावरीने पहिली चोच मारली. खांद्यातून कळ गेली. करवंदीने फुटक्या चोचीने दुसरी मारली. रायवळ पुन्हा झेपावला, तोवर अंग चोरून बसलेल्यांपैकी एक मादी रांग सोडून आली आणि ढोलीला बिलगली. मग आणखी एक. मग रायवळला झेपावायला जागा उरली नाही. तो फांदीवर परतला आणि थोरल्याला कायद्याची आठवण करून देत राहिला.

भिंत खालून खचली. आधी पिलू दिसलं, मान टाकलेलं, पण पोट हलत होतं. करवंदीने त्याच्या तोंडात उंबर पिळलं. मागून मोई बाहेर आली. पंखांच्या जागी बोडके खुंट, छातीचं हाड वर आलेलं. उडता येत नव्हतं म्हणून ती फांदीवरून चालू लागली, एकेक पाऊल टाकत. धनेश चालताना त्या राज्यात कुणी पाहिला नव्हता. नरांनी माना दुसरीकडे वळवल्या.

थोरल्याने तिथेच सांगितलं, ठराव रद्द. फटी आहेत तेवढ्याच राहतील. मधली फांदीही यापुढे कुणा मादीला नाही. सावरीने ते ऐकलं. तिचा खांदा ठणकत होता, आणि ज्या ढोल्यांची नावं तिला पाठ होती त्यांची एकेक आठवण त्या ठणक्याबरोबर येत होती. ती करवंदीशेजारी जाऊन बसली.

सभा पांगली. भरवण्याची वेळ झाली होती. अरण्यभर नर फळं घेऊन आपापल्या ढोलीवर गेले आणि रोजच्यासारखं त्यांनी ती फटीसमोर धरली. सकाळची टोकटोक ढोलीढोलीत ऐकू गेली होती; फटीतून चोच आली नाही. प्रत्येक फटीला आतून एक डोळा लागला होता, आणि तो फळाकडे नाही, फळ धरणाऱ्याकडे पाहत होता.