सायबिणीच्या पायथ्याच्या पक्ष्याची कहाणी

ऐक गे सायबिणी, तुझ्या पायथ्याच्या पक्ष्याची कहाणी. खाडीकाठी आटपाट गाव होतं. गावात देऊळ होतं. देवळात वेदीवर मोठं चित्र होतं. वर सायबीण, मांडीवर बाळयेशू, खाली एक पांढरा पक्षी अन् त्याची तीन पिल्लं. मेणबत्त्यांच्या काजळीनं चित्र काळवंडलं. पुसट पिल्लांवर पक्ष्याची वाकलेली मान दिसे, चोचीशी लाल दिसे, बाकी काही दिसेना.

खाडीवरचे बगळे बघणारी माणसं ती. म्हणाली, हा बगळा पिल्लं खातो. बायका लेकरांचे डोळे झाकून वेदीपुढनं जात. मग बस्त्याव पाटलाच्या नातवाला ताप आला. पाटलीण रेजिनबाय म्हणाली, "त्या मेल्या पक्ष्याची नजर लागली. चुना फासा त्याच्यावर."

गावात सांतानबाय नावाची गरीब विधवा होती. देवळाची झाडलोट करी. ती म्हणाली, "पाटीलबाबा, लेकुरवाळीच्या पायाशी लेकरं खाणारा कोण काढील? मला तीन शुक्रवार द्या."

पाटील म्हणाला, "दिले. अन् खाताना निघाला, तर चुना तूच फासायचा."

मग तिनं वसा घेतला. काय केलं? शुक्रवारी उपास धरला, ओल्या कापसानं वीतभर चित्र पुसलं. पहिल्या शुक्रवारी पिल्लं निघाली, चोची वासलेली. रेजिनबाय म्हणाली, "रडतायत बिचारी. घरात पुसायला भांडी नाहीत, म्हणून इथं आलीस गे?"

"चारच आहेत, पाटलीणबाय. पुसून आले."

दुसऱ्या शुक्रवारी चोच निघाली. चोचीला रक्त. बायका मागं सरल्या. पाटलानं चुना भिजत घातला. सांतानबायनं वसा टाकला नाही.

तिसऱ्या शुक्रवारी सारा गाव जमला. सांतानबायनं पक्ष्याची छाती पुसली. तर काय? चोच पिल्लांत नव्हती, स्वतःच्याच छातीत होती. छाती फोडून पक्षी थेंब थेंब रक्त पिल्लांच्या तोंडी घालत होता.

सांतानबाय म्हणाली, "बघा गे. दाणा सरला, तेव्हा यानं पिल्लांच्या पानात स्वतःलाच वाढलं. आपल्या ख्रिस्तसायबानं कुरसावर दुसरं काय केलं?"

मग रेजिनबाय नातवाला कडेवर घेऊन पुढं आली. त्याचे डोळे झाकले नाहीत. म्हणाली, "सांतान, वसा मला सांग."

"सांगेन. आधी ती चुन्याची बादली उचला. देवळाची मागची भिंत केव्हाची बिनचुन्याची उघडी आहे."

पाटलिणीनं बादली उचलली, वसा घेतला. नातवाचा ताप उतरला. आता परगावचं कोणी आलं, की गावच्या बायका मान वर करून सांगतात, हा बगळा नव्हे, पिल्लांना आपलं रक्त पाजणारा पक्षी. आम्ही पुसला, आम्ही ओळखला.

सायबीण त्यांना पावली, तशी ऐकणारणींना पावो, सांगणारणीला पावो. लांबची कहाणी थोडक्या बोलांत फळासकट पुरी झाली.