दोन ओंजळी मीठ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. चिमण्या तेव्हा माणसांच्या घरात हक्काने घरटी बांधत, एवढंच मला ठाऊक आहे.

समुद्राकाठच्या एका गावात मिठागरं होती. पाऊस सरून शरदाचं ऊन पडलं, की तिथली मुलं कीड लागलेल्या पिठात मीठ घालून घट्ट गोळा मळायची. त्याची पिंपळपानं आणि भाताच्या लोंब्या करायची, हळदीने, गेरूने रंगवायची, सावलीत वाळवायची. दसऱ्याला त्यांचं तोरण दाराला लागायचं. पानं खारट, म्हणून ना मुंगी लागायची, ना चिमणी चोच मारायची.

त्या गावात एक आई आणि तिची लेक राहत होत्या. दरवर्षी दारावर लेकीचं तोरण लागे. एका वर्षी आईची बहीण वारली आणि तिची मुलगी यांच्याकडे राहायला आली. पोर अबोल होती. पण एके दिवशी अंगणातल्या ओल्या मातीत तिने काडीने पिंपळपान काढलं, शीर न् शीर खरी.

"अगं बाई, काय बोटं आहेत पोरीची!" आई म्हणाली.

झालं! लेकीच्या पोटात दुखू लागलं, आणि हे दुखणं ओवा खाऊन थांबणारं नव्हतं. 'आता दारावर हिचंच तोरण लागणार,' तिला वाटलं. 'आज दार गेलं, उद्या आईच्या कुशीतली जागाही जाईल.'

दुसऱ्या दिवशी आईने दोघींना सारखं पीठ दिलं, एकेकीला एक अशा दोन ओंजळी मीठ काढून ठेवलं आणि ती मिठागरावर गेली. लेक थोरली, म्हणून मीठ घालायचा मान तिचा. तिने काय करावं? दोन्ही ओंजळी आपल्याच पिठात घातल्या. धाकटीच्या पिठात मिठाचा कणही पडला नाही.

पानं झाली, रंगली, ओसरीवर वाळत पडली. ती वाळली न वाळली तोच चिमण्या उतरल्या आणि त्यांनी धाकटीची पानं टिपून टिपून संपवली. धाकटीचे डोळे भरून आले. मग तिने नाक पुसलं आणि ती म्हणाली, "जाऊ दे गं ताई. त्यांची पोटं तरी भरली."

थोरलीला ते बोलणंही सोसलं नाही. रडायचं सोडून ही शहाणपणा करते!

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी समुद्रावरून दमट वारा सुटला. दुप्पट मिठाच्या पानांना पाणी सुटलं. रंग ओघळले, लोंब्या लिबलिबीत झाल्या. सकाळी ओसरीवर नुसता चिखल होता.

आईने त्यात बोट बुडवून जिभेला लावलं. धाकटीच्या पानाचा फटीत राहिलेला एक तुकडा चाखला. मग लेकीकडे पाहिलं. लेकीची मान खाली गेली.

आई रागावली नाही. तिने पदराआडून हळदीत रंगवलेला एक दोरा काढला. दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरेल एवढा लांब, आणि मधोमध एक गाठ.

"गाठीच्या अलीकडे तुझी पानं, पलीकडे हिची," आई म्हणाली. "ही पोरकी नाही, तुम्हा दोघींची आई आता एकच आहे, हे गावाला दिसावं म्हणून वळला होता गं मी हा."

लेक ओक्साबोक्शी रडली. पण दसरा काही थांबत नाही. त्या दिवशी गावभर तोरणं झुलत होती आणि त्या एका दारावर रिकामा दोरा. येणारा-जाणारा विचारी, "काय गं, तोरण कुठंय?"

"आमचं चिमण्यांनी खाल्लं," थोरलीचा हात धरून धाकटी प्रत्येकाला सांगत होती. आणि प्रत्येक वेळी थोरलीला वाटत होतं, की त्यापेक्षा आईने मारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून बाळांनो, ध्यानात ठेवा: दुसऱ्याचं अळणी करायला जावं, तर आपलं खारट होतं.