रंगमहाल आणि साळुंकी

ज्या काळी नावाडी रात्रीचा रस्ता ताऱ्यांना विचारत आणि दिवसाचा रस्ता पाखरांना, त्या फार जुन्या काळात एका खाडीच्या काठी एक सुखी बंदर होतं. तिथे नागशेट आणि बाबुलशेट नावाचे दोन व्यापारी राहत. एक सुपारीचा व्यापार करी, दुसरा मिठाचा. दोघे लहानपणापासूनचे मित्र. दोघांची घरं शेजारी, दोघांच्या अंगणांमध्ये फक्त एक जास्वंदीचं कुंपण.

दोघांनाही स्वतःची नाव घ्यायची होती. माल न्यायला नाही, तर घरच्या माणसांना घेऊन पाण्यावर हिंडायला, सणावाराला पलीकडच्या बेटावर जायला.

त्याच सुमारास बंदरातल्या एका म्हाताऱ्या तांडेलाने आपली नाव विकायला काढली. त्याच्याने आता सुकाणू पेलवत नव्हतं. नावेचं नाव साळुंकी. रंग उडालेला, कडा घासून गुळगुळीत झालेल्या, शीड जाडंभरडं. दोघे मित्र ती पाहायला गेले. बाबुलशेटने तिच्या फळ्या ठोकून पाहिल्या, वाकून तळ पाहिला आणि म्हणाला, "सागवान आहे. इतके पावसाळे काढले, अजून काढील."

नागशेट हसला. "दुसऱ्याने वापरून टाकलेली नाव घेतोस? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, बाबुलने नाव घेतली," बाबुलशेट म्हणाला, आणि त्याने ती घेतली.

त्याने साळुंकीच्या फटींत नवा कापूस आणि राळ भरून घेतली, तिला तेलपाणी केलं. पुढच्या पौर्णिमेला बायकामुलांना, येतील त्या शेजाऱ्यांना, घरच्या गड्यालाही घेऊन तो बेटावर गेला. परत आल्यावर बंदरभर एकच बोलणं. काय सुरेख चालते साळुंकी! बाबुलशेटने पारखून घेतली हो!

नागशेटने ते ऐकलं आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं. त्यालाही कळेना, आपल्याला एवढं का लागावं. नाव तर त्यानेच नाकारली होती. पण ज्या वस्तूला आपण हसलो तिचीच लोक वाखाणणी करू लागले, की हसू आपल्यावरच उलटतं. त्या दिवशी बाबुलशेटच्या घरून नेहमीसारखे ताजे मासे आले. नागशेटने ताट बाजूला सारलं. "भूक नाही," म्हणाला.

तेव्हापासून त्याचे कान कुंपणापलीकडेच लागलेले असत. बाबुलशेटच्या अंगणात कुणी हसलं, की त्याला वाटे, आपल्यालाच हसतायत. एकदा वाऱ्याने साळुंकीचं शीड फाटलं. नागशेटला ते कळलं आणि क्षणभर त्याला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी बाबुलशेटची बायको अंगणात बसून शीड शिवताना दिसली, तेव्हा लाजही गेली आणि नुसता राग उरला.

अशा मनाने तो एके दिवशी गोदीकडे गेला. तिथे एक नवीकोरी नाव उभी होती. कुणा सरदाराने हौसेने बांधायला सांगितली होती, पण त्याला राजाने दूरच्या सुभ्यावर पाठवलं आणि नाव तशीच राहिली. नावेवर कोरीव खांबांचं उंच छत होतं, छताला रेशमी झालर, मधोमध पितळी कड्यांचा झोपाळा. कडेने मोरांची नक्षी. लाकडाचा वास अजून ताजा होता. नागशेटने झोपाळ्यावर हात टेकला आणि त्याला बंदराचा धक्का दिसू लागला. धक्क्यावर माणसांची दाटी. आणि त्या दाटीत, मागे कुठेतरी, टाचा उंचावून पाहणारा बाबुल.

"ही खाडीत फिरायची नाव आहे, शेट," गोदीतला सुतार म्हणाला. "सरदारांना संथ पाण्यात गाणं ऐकत बसायचं होतं."

नागशेटचं लक्षच नव्हतं.

घरी येऊन त्याने येसूबाईला, आपल्या बायकोला सांगितलं, की डोंगरउतारावरची सुपारीची बाग देऊन आपण नाव घेतोय. तिने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "अहो, एक विचारू? तुम्हाला नाव हवी आहे, की बाबुलभावजींची मान खाली गेलेली बघायची आहे?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" नागशेट म्हणाला आणि उठून गेला.

बाग गेली, नाव आली. लोकांनी तिचं नाव ठेवलं रंगमहाल. सगळं बंदर बघायला लोटलं. बाबुलशेटही आला. तो मागे उभा राहिला नाही, सरळ पुढे आला, खांबांवरून हात फिरवून म्हणाला, "नागू, फार देखणं काम आहे रे." त्याच्या आवाजात खंत नव्हती की हेवा नव्हता. नागशेटला हेच सहन झालं नाही. ज्याच्यासाठी एवढी बाग दिली, तोच जळत नाही म्हणजे काय?

पुढे पुढे लोक रंगमहाल लांबूनच बघू लागले. आत बसायला कुणाचा जीव धजत नसे. ओले पाय घेऊन चढलं की नागशेट ओरडे, मुलांनी नक्षीला हात लावला की हात झटके. साळुंकीत मात्र कुणीही चढे. कुणी टोपल्या ठेवी, कुणी सुकाणू धरणाऱ्याशी गप्पा मारी, मुलं कडेवरून पाण्यात पाय सोडून बसत. खाडीत दोन्ही नावा जवळून गेल्या की नागशेट झोपाळ्यावर पाठ फिरवून बसे. पण पाठीलाही कान असतात. साळुंकीतलं हसणं दूर जाईपर्यंत तो ऐकत राही.

एके सकाळी पिंपळाच्या पारावर काही माणसं बेटाच्या जत्रेचं ठरवत होती. सगळ्यांना साळुंकीनेच जायचं होतं. नागशेट तिथून चालला होता. त्याचे पाय थांबले.

"बाबुल माझा मित्र आहे, म्हणून बोलू नये," तो हलक्या आवाजात म्हणाला. "पण साळुंकीच्या तळाची एक फळी कुजलीय. मी स्वतः नखाने टोकरून पाहिली. कुणाला सांगू नका हं."

हे तो ठरवून बोलला नव्हता. पण बोलून झाल्यावर त्याला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. त्या दुपारी तो पोटभर जेवला.

कुणाला सांगू नका म्हटलेलं बंदरात सगळ्यांत आधी पोचतं. संध्याकाळपर्यंत एका फळीच्या तीन झाल्या. पुढच्या बाजाराला साळुंकीत पाणी शिरतं असं झालं. आया मुलांना मागे ओढू लागल्या. जत्रेला जाणाऱ्यांनी बेत मोडला. बाबुलशेट धक्क्यावर नाव घेऊन उभा राही आणि माणसं त्याची नजर चुकवून निघून जात. एकटा उभा असलेला मित्र नागशेटने ओसरीवरून पाहिला. त्याला वाटलं होतं तेवढा आनंद काही झाला नाही.

आता पुढे काय झालं ते ऐका.

नागशेटची एकुलती एक लेक मथुरा, खाडीच्या तोंडापलीकडे बेटावर दिलेली होती. तिचे दिवस भरत आले होते. एके सकाळी तिचा दीर एका लहान डोणीतून कसाबसा अलीकडे आला. डोणी पाण्याने अर्धी भरलेली, त्याच्या हातांची सालं निघालेली.

"वहिनी फार अडल्यात," तो दम खात म्हणाला. "बेटावरची सुईण म्हणते, मूल आडवं आहे, माझ्या हातचं काम नाही. इकडच्या गिरजाबाईंना घेऊन या. पण वारा उठलाय. या डोणीतून आता परत जाता येणार नाही."

कोळ्यांच्या मोठ्या नावा दूर समुद्रात गेलेल्या होत्या. किनाऱ्यावर उरल्या होत्या त्या डोण्याच. गिरजा सुईण आपलं गाठोडं घेऊन धक्क्यावर आली. नागशेट रंगमहालाकडे धावला. पण त्याच्या वल्हेकऱ्यांनी वल्ह्यांना हात लावला नाही.

"मालक, खाडीच्या तोंडाशी वारा या छताला धरील आणि नाव कलंडेल," त्यांच्यातला एकजण म्हणाला. "आम्ही बुडू आणि गिरजाबाईही बुडतील. मग मथुराताईंकडे कोण जाणार?"

हे खोटं नाही, हे नागशेटला दिसत होतं. धक्क्याला बांधलेली असूनही नाव वाऱ्याने एका अंगावर झुकत होती. झोपाळा खांबावर आदळत होता.

तो वळला आणि बाबुलशेटला शोधत किनाऱ्याने पळत सुटला. साळुंकी पाण्यात नव्हती. वाळूवर, ओंडक्यांवर चढवून ठेवली होती आणि तिचा तळ उघडा होता. काढलेल्या फळ्या एका बाजूला ओळीने मांडल्या होत्या. दोन सुतार आणि बाबुलशेट तिथे काम करत होते.

"बाबुल, साळुंकी हवी. आत्ता. मथुरा अडलीय."

बाबुलशेटने नावेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "नागू, परवाच उघडली रे. लोक म्हणत होते, तळ कुजलाय. मला खरं वाटत नव्हतं, पण त्यात लोकांची पोरंबाळं बसतात. खात्री केल्याशिवाय कशी न्यायची? म्हणून एकेक फळी काढून पाहिली. कुठेही कीड नाही. पण आता सगळं परत बसवायचं, राळ भरायची, ती वाळायची. आज काही होत नाही."

नागशेट वाळूत बसला. मांडलेल्या फळ्यांकडे तो बघत राहिला. चांगल्या, निकोप, पोलादासारख्या फळ्या.

"ते मी बोललो होतो," तो म्हणाला.

"काय?"

"फळी कुजल्याचं. मी पाहिलं नव्हतं. खोटंच बोललो. मला... तुझं बघवत नव्हतं, बाबुल."

सुतारांचे हात थांबले. बाबुलशेटने उघड्या तळाकडे पाहिलं. मग त्याने हातातली हातोडी खाली ठेवली.

"हे तुझ्या तोंडून ऐकायची वेळ यायला नको होती," तो म्हणाला. "पण मथुरा माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर आहे. ऊठ. तुझ्या नावेचं छत उतरवू."

त्याने सुतारांना बरोबर घेतलं. साळुंकीची डोलकाठी आणि ते जाडंभरडं शीड खांद्यावर टाकून सगळे धक्क्यावर आले. करवती चालल्या. कोरीव खांब एकामागून एक पडले. छत पाण्यात ढकललं, झालर लाटांवर पसरली. झोपाळा तोडून काढला. येसूबाई स्वतः दगड वाहून नावेच्या तळाशी रचत होती, म्हणजे नाव वजनाने खाली बसावी. बाबुलशेटच्या वखारीतली मिठाची पोतीही तळाशी गेली. नागशेटला कशाचंच वाईट वाटत नव्हतं. तो एवढंच म्हणत होता, "लवकर करा, बाबांनो, लवकर करा."

डोलकाठी उभी राहीपर्यंत दुपार कलली होती. सुकाणू बाबुलशेटने हाती घेतलं. नागशेट इतरांबरोबर वल्ह्यावर बसला, गिरजाबाई मध्ये गाठोडं कवटाळून. खाडीच्या तोंडाशी लाटा नावेवरून जाऊ लागल्या. मोरांची नक्षी कडेसकट मोडून गेली. पण नाव उलटली नाही. बाबुलशेट वाऱ्याला वाट देत, पुन्हा अडवत, तिला पलीकडे घेऊन गेला.

गिरजाबाई आत गेली आणि दार लागलं. बाहेर दोघे मित्र पायरीवर बसले, भिजलेले, एकमेकांकडे न बघता. ऊन उतरलं, दिवेलागण झाली. मग आतून एक बारीक रडणं ऐकू आलं. थोड्या वेळाने गिरजाबाई बाहेर आली आणि पायरीवरच बसली.

"मुलगी झाली. दोघी जगतील," ती म्हणाली. "पण मथुराचं रक्त फार गेलंय. आणखी घटकाभर उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते."

नागशेटने तोंडावर पंचा धरला. बाबुलशेट उठला आणि नाव बांधली आहे का ते बघायला गेला.

मथुराला अंथरुणातून उठायला कितीतरी महिने लागले. तेवढे महिने येसूबाई बेटावर राहिली.

नागशेट परत आला तो आधी पिंपळाच्या पाराशी गेला. लोक जमले होते तिथे उभा राहून त्याने सांगितलं, की साळुंकीची फळी कधीच कुजली नव्हती, मीच खोटं बोललो. लोकांनी ऐकून घेतलं. कुणी त्याला वाईट बोललं नाही. पण त्यानंतर तो सुपारी दाखवून "माल चोख आहे" म्हणे, तेव्हा गिऱ्हाईक ती फोडून, चावून बघे आणि मगच घेई. आधी असं कुणी करत नसे.

रंगमहालाचं बिनछताचं धूड एका नारळवाल्याने जुनी नाव म्हणून विकत नेलं. साळुंकी पुन्हा पाण्यात उतरली आणि पुन्हा माणसांनी भरून जाऊ लागली. बाबुलशेटने नागशेटशी बोलणं सोडलं नाही. वाटेत भेटला तर मथुराची खुशाली विचारी, नातीसाठी खाऊ देई. एवढंच. कुंपणाशी उभं राहून मनातलं सांगणं मात्र संपलं ते संपलंच.

एका पौर्णिमेला नागशेट धक्क्यावर उभा होता. साळुंकी समोरून चालली होती. त्याने हात वर केला. बाबुलशेटनेही सुकाणूवरचा एक हात उचलून त्याला ओळख दिली. नाव थांबली नाही.

लहानांनी ऐकावं आणि थोरांनी ध्यानात ठेवावं ते इतकंच: हेव्याने घेतलेली वस्तू मोडून वेळ निभावता येते, पण हेव्याने बोललेला शब्द मागे घेऊनही भरून निघत नाही.